माळ पाहून पेरणी

अमेरिकेत हरणांसाठी शेत पेरायची रीत आहे. पांढऱ्या शेपटीची हरणं हंगामात टप्प्यात यावीत म्हणून तिथले शिकारी रानातल्या मोकळ्या तुकड्यांवर क्लोव्हर, ओट, राय असं काहीबाही पेरतात. पावसाने ओढ दिली की बी नुसतं फोकावं की यंत्राने ओळीत पेरावं, यावर त्यांच्यात तावातावाने वाद होतात. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीसाठी पेरण्याचा विषयच संपला. पेरणीचा वाद मात्र आपल्याही दारात येऊन उभा आहे. माळावर धड गवत उरलं नाही की काळविटांचा कळप ज्वारीत शिरतो, शेतकरी वैतागतो, वनरक्षकाला शिव्या खाव्या लागतात, आणि मग कुठल्या तरी बैठकीत ‘कुरण विकास’ हा शब्द निघतो. बी मागवलं जातं, ट्रॅक्टर येतो, माळ नांगरला जातो. दोन वर्षांनी त्याच जागी तरोटा आणि गाजर गवत कमरेएवढं उभं असतं.

ही पुस्तिका त्या दोन वर्षांच्या आधीच्या आठवड्यांबद्दल आहे. कोरड्या माळावर वन्यप्राण्यांसाठी गवत लावायचं असेल, तर ते कसं लावावं आणि मुळात लावावं का, हे ठरवायचे ते आठवडे. ती वनरक्षकांसाठी आहे, गावच्या वन समितीसाठी आहे, आणि पदरमोड करून माळाच्या मागे लागलेल्या उत्साही मंडळींसाठीही आहे. उत्साही मंडळींना उद्देशून तिच्यात थोडं जास्त कडक लिहिलंय. ते योग्यच आहे.

प्रदेश ठरलेला आहे. सह्याद्री ओलांडून पूर्वेला उतरलं की पाऊस झपाट्याने आटतो. बारामती, दौंड, कर्जत, करमाळा, मोहोळ हा सगळा पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेरचा पट्टा. जमीन म्हणाल तर वीतभर माती आणि खाली मुरूम. याच पट्ट्यात आपली माळावरची तीन अभयारण्यं आहेत. सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतलं माळढोक पक्षी अभयारण्य १९७९चं. कागदावर ते ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, पुढे कमी करून १,२२२ वर आणलं. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी १९८०चं, काळविटांसाठी, अवघं २.१७ चौरस किलोमीटर. सुप्याचं मयूरेश्वर १९९७चं, चिंकाऱ्यासाठी, ५.१४ चौरस किलोमीटर. आकड्यांतली ही तफावत लक्षात ठेवावी. रेहेकुरी पायी हिंडायला एक सकाळ पुरते. एवढ्याशा जागेवर कळप पोसायचा, तर तिथल्या गवताच्या प्रत्येक जुडीला मोल आहे. आणि चुकीच्या नांगरटीने बिघडलेला एक हेक्टरही तिथे डोळ्यांत खुपतो.

माळाबद्दलची आपली सरकारी समजूत मूळची वाकडी आहे. महसुली दफ्तरात तो पडीक, उपग्रहाच्या नकाशांत तो ‘वेस्टलँड’, आणि वृक्षारोपणाचं उद्दिष्ट गाठायचं असलं की तो मोकळी जागा. माळढोक अभयारण्यातल्या नान्नजच्या माळावरसुद्धा गिरिपुष्पाची लागवड झाली. माळढोक हा उघड्यावर दूरवर नजर ठेवून जगणारा पक्षी. त्याच्या भोवती झाडांची भिंत उभी करणं म्हणजे त्याला घराबाहेर काढणंच. अभ्यासकांनी ते वारंवार सांगितलं. आज नान्नजला माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. त्याला एकटं गिरिपुष्प जबाबदार नाही, पण माळावर काही लावण्याआधी ‘इथे आधी काय होतं’ हे न विचारण्याची सवय जबाबदार नक्कीच आहे. गवत लावतानाही आपण तीच सवय सोबत नेतो.

इथे आधी काय होतं, याचं उत्तर बऱ्यापैकी उपलब्ध आहे. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी देशभरच्या गवताळ प्रदेशांची पाहणी करून १९७३ साली जे वर्गीकरण मांडलं, त्यात दख्खनचं पठार येतं ते पवन्या आणि मारवेल यांच्या पट्ट्यात. मुरमाड उतारावर पवन्या आणि डोंगरी, जरा खोल काळ्या मातीत मारवेल, पाणी साचणाऱ्या लवणात मोशी. चराई वाढत गेली की पवन्या मागे हटतो आणि कुसळी पुढे येते. कुसळीलाही उसंत मिळाली नाही तर काडीसारखी बरड, एकहंगामी गवतं उरतात. त्याच्याही खाली उघडा मुरूम. ही उतरंड एकदा डोळ्यांत बसली की माळ कुठल्या पायरीवर उभा आहे ते चालता चालता कळतं. धनगरांना ती पाठच असते. कुठल्या गवतावर मेंढरू पोट भरतं आणि कुठल्यावर नुसतं तोंड फिरवतं, हे विचारायचं झालं तर प्रयोगशाळेआधी वाड्यावर जावं. पुस्तिकेतली गवतांची स्थानिक नावं बरीचशी तिथूनच आली आहेत, आणि दर दहा कोसांवर ती बदलतात, हेही लेखकांनी प्रामाणिकपणे नोंदवलं आहे.

पायरी ओळखायची ती पद्धत ठरवण्यासाठी. पवन्याची ठोंबं अजून जिवंत असतील, मग ती खुरटून बोटभर का राहिली असेनात, तर पेरणीची गरजच नाही. तिथे चराई थांबवली की पुरे. हिवरे बाजारने चराईबंदी करून आणि विळ्याने गवत कापून नेण्याची शिस्त लावून काय मिळवलं, ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. अशा माळावर नांगर घालणं म्हणजे जिवंत मुळं उपटून त्या जागी मेलेलं बी टाकणं. शिवाय नांगराने वर आलेल्या मातीत तरोट्याचं आणि गाजर गवताचं वर्षानुवर्षं दडलेलं बी उजेडात येतं, आणि ते कुणाच्याही परवानगीची वाट पाहत नाही. चंडोल, टिटवी, धाविक हे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी. उन्हाळ्यात माळ उलथला की त्यांचा हंगामही उलथतो. माझ्या मते ‘काहीच न करणं’ ही या पुस्तिकेतली सगळ्यांत महत्त्वाची पद्धत आहे. तिला अंदाजपत्रकात रकाना नाही, एवढीच तिची अडचण.

गवताची मुळंच उरलेली नाहीत, किंवा वेडी बाभूळ काढून नुकतीच जमीन मोकळी झाली आहे, किंवा पडलेलं जुनं शेत आहे, तिथे मात्र लावावं लागतं. आणि तिथे पहिला प्रश्न पावसाचा.

शेतकऱ्याला वापसा कळतो. माती ओली आहे पण चिकटत नाही, मुठीत दाबली तर लाडू होतो आणि टाकला तर फुटतो, ती वेळ. ज्वारी-बाजरीचं बी त्या ओलीत दोन-तीन बोटं खोल पडतं आणि वरचा थर सुकला तरी खालच्या ओलीवर तगतं. गवताच्या बियाला ही चैन नाही. ते इतकं हलकं आणि बारीक की सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं तर कोंब वर येतच नाही. वर ठेवावं, तर मातीचा तो वरचा पापुद्रा जूनच्या उन्हात आणि वाऱ्यात एका दिवसात सुकतो. कोरड्या माळावरची सगळी पेरणी या पेचात अडकलेली आहे. कुठल्याही पद्धतीची परीक्षा एकच: बियाभोवतीचा तो बोटभर थर ती किती दिवस ओला ठेवते?

त्यात आपला पाऊस लहरी. वळवाची एखादी जोरदार सर रोहिणीत येते, माळावर हिरवी लव धरते, मृगात पंधरा दिवस ढग नुसते पळतात आणि ती लव करपून जाते. शेतकरी याला दुबार पेरणी म्हणतो आणि कर्ज काढतो. माळाने मात्र यावर आपला उपाय केव्हाच काढून ठेवला आहे. कुसळीचं किंवा अंजनचं ताजं बी लगेच उगवत नाही; काही महिने ते निजूनच राहतं, आणि जागं होतानाही सगळं एकदम होत नाही. पहिल्या पावसाने काही दाणे फसले, तरी बाकीचे पुढच्या सरीसाठी मागे असतात. म्हणून आदल्या हिवाळ्यात गोळा केलेलं, सहा-आठ महिने कोरड्या जागी ठेवलेलं बी पेरावं. आणि ‘शंभर टक्के उगवण’ असं सांगून कुणी विकायला आला तर जरा सावध व्हावं. शेतात तो गुण आहे. माळावर सगळं बी एकाच सरीला उठलं तर एकाच उघडिपीत संपतं.

सोलापूरकडे आणखी एक गोष्ट आहे. तिथे वर्षातला सर्वांत ओला महिना सप्टेंबर. तरी मृगावर बी टाकायची आपली घाई सुटत नाही, कारण पंचांगाने आणि शेतीने आपल्याला तसं घडवलंय. बियाची धूळपेरणी मृगाआधी करायला हरकत नाही. ते कोरड्यात निवांत पडून राहतं. पण मुळं फुटलेली ठोंबं जूनमध्ये लावणं हा जुगार आहे. ती पाऊस स्थिरावल्यावर, सलग झड लागली की लावावीत.

आता पद्धती. फोकून पेरणं सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त फसणारं. हेक्टरी चार-सहा किलो बी वाऱ्यावर विस्कटलं, की त्यातलं बरंच वाऱ्यानेच कुंपणाला नेऊन लावलं आणि उरलेलं मुंग्यांनी वारुळात. फोकणी करायचीच, तर आधी वखराच्या पासेने जमीन नुसती खरवडावी, बी टाकल्यावर बोरी-बाभळीची काटेरी फांदी ओढून घ्यावी. गावात मेंढरं असतील तर पेरल्या दिवशी कळप एकदा त्या तुकड्यावरून हाकून न्यावा. खुरांनी बी दाबलं जातं आणि प्रत्येक खुराचा ठसा थेंबभर पाणी धरतो. पुढे वर्षभर मात्र त्याच कळपाला तिथे पाय ठेवू द्यायचा नाही. हे धनगराशी आधीच बोलून ठेवावं. नाहीतर त्याचा राग रास्त ठरतो.

तिफणीची गोष्ट मजेची आहे. शेतकऱ्याला वाटतं, ओळीत पेरलं की काम चोख. आणि धान्याच्या बाबतीत ते खरंच आहे. चाड्यावर मूठ धरून चालणाऱ्या बाईच्या बोटांतून ज्वारी कशी मोजून सुटते ते पाहावं. त्याच हातात पवन्याचं किंवा मारवेलचं बी द्या. ते सुटत नाही. लव आणि कुसळं एकमेकांत गुंततात, चाड्यात कापसासारखा बोळा होतो, नळ्या तुंबतात, आणि दहा पावलांवर तिफण थांबवून काडीने नळी मोकळी करावी लागते. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राचीही तीच गत. उपाय साधा: बी तळहातांवर चोळून लव काढावी, चाळलेल्या शेणखतात किंवा ओलसर वाळूत कालवावं, मग ते सुटतं. फण मातीत जेमतेम टेकेल इतकाच ठेवावा. ओळी उताराला आडव्या, दोन ते अडीच फुटांवर. ओळीचा फायदा असा की फणाने काढलेली चिरी पाणी अडवते आणि वाऱ्यापासून बी झाकते. तो बोटभर थर एक-दोन दिवस जास्त ओला राहतो. कोरड्या वर्षी त्या एक-दोन दिवसांवर सगळं ठरतं. पण ही पद्धत जुन्या शेतांना आणि बऱ्या मातीला. मुरूम वर आलेल्या माळावर तिफण चालत नाही. तिथे ती हट्टाने चालवणारे पाहिले आहेत; नुकसान तिफणीचं जास्त होतं.

खुद्द कुसळीचं बी पाहिलं की आपल्या यंत्रांची थोडी लाज वाटते. तिचं कुसळ काळपट, पीळ दिलेल्या दोरीसारखं. पावसाने भिजलं की पीळ उलगडतो, उन्हाने सुकलं की परत भरतो. कुसळ गवताच्या काडीला किंवा ढेकळाला टेकलेलं असलं, की फिरतं ते टोकाचं बी. त्या टोकाला मागे वळलेले राठ केस असतात, त्यामुळे बी पुढे सरकतं, मागे येत नाही. भिजणं-सुकणं चारदोन वेळा झालं की बी जमिनीत शिरलेलं. एक कुसळ तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब सोडून बघावं. शाळेतल्या मुलांना दाखवण्यासारखं आहे. मेंढरांच्या लोकरीत आणि कातडीत हीच कुसळं घुसतात म्हणून धनगर कुसळीला शिव्या देतात, तेही खोटं नाही. पण जिथे पेरणारं कुणी जाणार नाही अशा चढावर तिची पेरणी तिच्यावर सोपवता येते. पिकलेली कुसळी आणून नुसती पसरावी. पवन्या तिच्यामागून येतो, जर येऊ दिला तर.

हे पसरणं हीसुद्धा एक पद्धतच आहे, आणि पुस्तिकेतलं ते प्रकरण मला सगळ्यांत आवडलं. दिवाळीच्या सुमारास चांगल्या माळावरचं गवत बी गळायच्या बेतात असताना कापायचं आणि उघड्या जमिनीवर तसंच पातळ अंथरायचं. बी आणि आच्छादन एकाच पेंढीत येतं. काड्यांच्या सावलीत जमीन तापत नाही, पुढच्या पावसाचा थेंब थेट आदळत नाही, ओल टिकते. शिवाय एकाच जातीचं बी न पडता आठ-दहा गवतं, रानमुगासारखे शेंगवर्गी वेल, जे काय त्या माळावर होतं ते सगळं येतं. चिंकारा तर नुसत्या गवतावर जगतही नाही. त्याला पाला, शेंगा, बोरं लागतात. वाऱ्याने पेंढा उडू नये म्हणून वर काट्यांचे फास टाकावे लागतात, आणि जिथून कापलं त्या माळाचा काही भाग दरवर्षी न कापता सोडावा लागतो. दूरचं बी न आणता जवळच्याच चांगल्या तुकड्यातून आणल्यामुळे ते इथल्या पावसाला सरावलेलं असतं. बाजारात पवन्याचं बी सहज मिळत नाही हे पाहता, अनेक ठिकाणी हाच एक व्यवहार्य रस्ता आहे.

जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने वाळवंटासाठी बियांच्या गोळ्यांची युक्ती रुळवली: साधारण एक भाग बी, एक भाग शेण, तीन भाग चिकणमाती आणि एक भाग वाळू. बी वाऱ्याने उडत नाही, मुंग्या नेत नाहीत. हल्ली आपल्याकडे ‘सीडबॉल’ फेकण्याचे कार्यक्रम होतात, त्यांचा आणि याचा संबंध नावापुरता. शुष्क क्षेत्राची गोळी हरभऱ्याएवढी असते, लिंबाएवढी नाही. मोठ्या गोळ्यातला कोंब आतच कोंडून मरतो. शाळेच्या सहली नेऊन माळावर लाडू फेकण्याने फोटो चांगले येतात.

ठोंबं लावणं सगळ्यांत खात्रीचं आणि सगळ्यांत महाग. मारवेलला ते फार मानवतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने काढलेले मारवेलचे वाण शेतकरी बांधावर असेच लावतात. पण गणित करावं. पन्नास सेंटिमीटरवर एक याप्रमाणे हेक्टरी चाळीस हजार ठोंबं होतात. ती उपटायची कुठून? एक माळ सजवायला दुसरा उघडा करण्यात अर्थ नाही. म्हणून पुस्तिका सुचवते ते पटतं: सगळा माळ लावू नका. लवणाच्या कडेला, जिथे माती खोल आणि ओल जास्त तिथे, मारवेलचे लहान ठिपके लावा आणि त्यांनाच बी धरू द्या. तेवढ्यासाठी गावाजवळ विहिरीच्या पाण्यावर दोन-चार गुंठ्यांची गवताची रोपवाटिका असली की ठोंबांसाठी कुणाचं तोंड पाहावं लागत नाही.

सलग समतल चरांबद्दल लेखक माझ्यापेक्षा मवाळ आहेत. झिजलेल्या उतारावर उथळ चर आणि त्याच्या भरावावर बी, हे मला मान्य आहे. पण जिवंत गवत असलेल्या सपाट माळावर यंत्राने दोन-दोन फूट खोल चर खणून त्याला गवत विकास म्हणणं मला पटत नाही. तो मुरमाचा विकास आहे.

आणखी एक अडचण कुणी लिहीत नाही, ती इथे लिहिली आहे. निधी येतो फेब्रुवारीत आणि ३१ मार्चच्या आत खर्चायचा असतो. गवताचं बी जमवायचे दिवस ऑक्टोबर-नोव्हेंबर, ठोंबांचे जुलै-ऑगस्ट. मार्चमध्ये माळावर करता येण्यासारखं काम एकच, नांगरणं, आणि म्हणूनच ते इतक्या निष्ठेने केलं जातं. बी गोळा करण्याची मजुरी आदल्या वर्षीच्या कामात आणि लागवडीची पुढच्या वर्षीच्या कामात कशी बसवायची, याचा नमुना परिशिष्टात दिला आहे. पुस्तिका उघडणाऱ्या अधिकाऱ्याने तो आधी वाचावा.

लावल्यानंतरचा पहिला हंगाम सगळ्यांत कठीण जातो, कारण ज्यांच्यासाठी लावलं तेच येऊन खातात. दोन-तीन हेक्टरचा हिरवा तुकडा उजाड मुलखात उठून दिसतो; काळवीट, ससे आणि चुकार शेळ्या तिथेच तुटून पडतात. कोवळ्या ठोंबाने अजून मूळ धरलेलं नसतं, ते उपटूनच निघतं. कुंपण घालावं तर प्राण्यांची वाट अडते, न घालावं तर गवत जात नाही पुढे. यावर तोडगा एकच दिसतो: तुकडे लहान ठेवायचे, एकदम सगळे न लावता तीन वर्षांत आळीपाळीने लावायचे, आणि चालू वर्षीच्या तुकड्याला काट्यांची तात्पुरती वई घालून बी पडेपर्यंत सांभाळायचं. दुसऱ्या वर्षी वई उचलून पुढच्या तुकड्याला. उन्हाळ्यातल्या वणव्यासाठी जाळरेषा वेगळ्या काढाव्या लागतात, ते प्रकरण सातव्या भागात आहे.

ज्यांच्या हाती यंदाच पहिल्यांदा माळ येणार आहे, त्यांनी शेवटच्या भागातले तक्ते पाहण्याआधी एक करावं. एखाद्या उघड्या तुकड्यावर खडूचे चार पट्टे आखावेत: एकात नुसतं रक्षण, एकात फोकणी, एकात ओळी, एकात अंथरलेलं गवत. पाऊस मोजायला पत्र्याचा डबा पुरतो. सप्टेंबरच्या अखेरीस चारही पट्ट्यांत हातभर चौकट ठेवून आत काय काय उगवलं ते नावानिशी वहीत उतरवावं, तरोट्यासकट. नावं येत नसतील तर वाड्यावरच्या कुणा म्हाताऱ्याला सोबत घ्यावं. बियाची मागणी त्यानंतर नोंदवावी.